गोलांचा हिशेब आणि विसरलेला छेद

धानाची कापणी-मळणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या, की भंडारा जिल्ह्याच्या पूर्व भागात मंडई, दंडार आणि शंकरपट यांच्या जोडीने खेळांच्या सामन्यांचाही हंगाम सुरू होतो. साकोली तालुक्यातील सानगडी हे पडक्या किल्ल्याच्या सोबतीने राहणारे गावही या हंगामाला अपवाद नाही. या मुलखात मान कबड्डीचा. व्हॉलीबॉल आणि क्रिकेट त्यानंतर, आणि फुटबॉलची पाळी सर्वांत शेवटी. एखाद्या मोठ्या बांधीतील धसकटे तुडवून आणि चार काठ्या रोवून त्याचे मैदान तयार होते. सामना संपतो, मुले घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्या तासाभराच्या धावपळीचे एवढेच उरते : ‘एक-शून्याने हरले.’

या आकड्यातून नेमके काय कळते? हरलेला संघ दुबळा होता असे कळते काय? सामान्य समजूत तशी आहे, आणि ती केवळ पानठेल्यापुरती मर्यादित नाही. शाळांच्या निवड समित्यांपासून कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या क्लबांपर्यंत सर्वत्र तिचेच राज्य चालते. वस्तुतः फुटबॉल हा असा खेळ आहे, की ज्याच्या धावफलकावर विसंबून संघाची पारख करणे इतर बहुतेक खेळांपेक्षा अधिक धोक्याचे ठरते.

याचे कारण साधे आहे. कबड्डीच्या एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. क्रिकेटमध्ये धावांची मोजदाद शेकड्यांनी होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र नव्वद मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून सरासरीने तीन गोलही होत नाहीत. जी घटना क्वचित घडते तिच्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो, हे संख्याशास्त्राचे प्राथमिक सूत्र होय. कबड्डीत पंचांचा एखादा निर्णय चुकला, तर साठ गुणांतील एक गुण इकडचा तिकडे होतो. फुटबॉलमध्ये चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर आला, बांधीतल्या ढेकळाला अडखळला की नाही, यावर सबंध निकाल उलटतो. त्यामुळे गोलांचा आकडा खोटा नसला तरी तो फार अपुरा असतो.

या अपुरेपणाचा धडा मराठी मुलखाला लागून असलेल्या गोव्याने 2020 साली चांगलाच अनुभवला. इंडियन सुपर लीगच्या 2019-20 च्या हंगामात एफ. सी. गोवा या संघाने साखळीतील 18 सामन्यांत 39 गुण आणि 46 गोल मिळवून पहिले स्थान पटकावले. साखळीत अव्वल ठरणाऱ्या संघाला ढाल देण्याची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली होती. ती पहिली ढाल गोव्याकडे गेली. मात्र स्पर्धेचे ‘विजेतेपद’ हे साखळीवर ठरत नसून त्यानंतरच्या बाद फेरीवर ठरत असे. उपान्त्य फेरीत गोव्याची गाठ चेन्नईयिन एफ. सी. या चौथ्या क्रमांकाच्या संघाशी पडली. साखळीत त्याचे गुण 29, म्हणजे गोव्याहून तब्बल दहा कमी. चेन्नईत गोवा 1-4 असा हरला, फातोर्ड्याच्या मैदानावर 4-2 असा जिंकला, आणि दोन्ही लढतींची बेरीज 5-6 अशी विरुद्ध गेल्याने स्पर्धेबाहेर पडला.

आता यांपैकी कोणता संघ अधिक चांगला म्हणावयाचा? 18 सामन्यांची बेरीज एक उत्तर देते, दोन सामन्यांची बेरीज नेमके त्याच्या उलट. वर्षभराच्या सर्व चाचण्यांत पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याची किंमत शेवटच्या एका पेपरावर ठरवावी असा हा प्रकार आहे. प्रेक्षकाला बाद फेरीचा थरार हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु थरारासाठी योजलेल्या पद्धतीला गुणवत्तेचे मोजमाप समजणे ही गल्लत होय. आशियाई महासंघाने तरी ती केली नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान 2021 साली गोव्याला मिळाला तो त्या ढालीच्या आधारावर. त्या स्पर्धेतही सहा सामन्यांत गोवा एकही जिंकला नाही, पण तीन सामने त्याने बरोबरीत सोडविले.

याच कहाणीचे दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. 31 जानेवारी 2020 रोजी, संघ साखळीत अव्वल असताना आणि तीनच सामने शिल्लक असताना, गोव्याने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. त्यामागची कारणे हा क्लबचा अंतर्गत प्रश्न होता. उरलेले तिन्ही सामने क्लिफर्ड मिरांडा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाने जिंकले, त्यांतला अखेरचा जमशेदपूरविरुद्ध 5-0 असा. लोबेरा पुढील हंगामात मुंबई सिटी एफ. सी. या संघाकडे गेले आणि 2020-21 साली मुंबईने साखळीची ढाल आणि विजेतेपद अशी दोन्ही मिळवली. ढालीच्या शर्यतीत मुंबई आणि ए. टी. के. मोहन बागान या दोघांचे 20 सामन्यांत 40-40 गुण झाले होते, आणि परस्परांतील सामने मुंबईने जिंकले असल्याने पारडे तिच्याकडे झुकले.

यावरून कोणी घाईने असा निष्कर्ष काढील, की सारी जादू प्रशिक्षकाची. पण अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवले जाते, की दोन गोष्टी एकत्र बदलल्या असतील तर परिणामाचे श्रेय एकीलाच देता येत नाही. लोबेरा यांच्या मागोमाग ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मूर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे चार प्रमुख खेळाडूही मुंबईत दाखल झाले होते. जादू प्रशिक्षकाची, खेळाडूंची, की पैशाची? गुणतक्ता यावर मौन पाळतो. त्याला बोलते करावयाचे तर गोलांच्या अलीकडे काय घडते ते मोजावे लागते.

हा उद्योग नवा नाही, आणि त्याचा आरंभ यंत्राने झालेला नाही. 18 मार्च 1950 रोजी इंग्लंडमधील स्विंडन येथे स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांचा सामना चालू होता. स्विंडनचे हल्ले एकामागून एक वाया जात होते. प्रेक्षकांत चार्ल्स रीप नावाचे रॉयल एअर फोर्सच्या हिशेब खात्यातील एक अधिकारी बसले होते. मध्यंतरानंतर त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक हल्ला कोठून सुरू झाला, किती पास झाले, शेवट कसा झाला, याच्या खुणा मांडावयास प्रारंभ केला. पुढे कित्येक दशके हा गृहस्थ तेच करीत राहिला. 1958 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची नोंद त्याने भिंतीला चिकटवावयाच्या कागदाच्या गुंडाळीवर उतरवून काढली म्हणतात. कचेऱ्यांतून आयुष्यभर रकाने भरणाऱ्या वाचकांनी ध्यानात घ्यावे, की फुटबॉलच्या संख्याशास्त्राचा हा आद्य पुरुष मोठा खेळाडू नव्हता आणि गणिती पंडितही नव्हता. तो एक काटेकोर हिशेबनीस होता.

मात्र याच हिशेबनिसाकडून हिशेबाची एक मोठी चूक झाली. 1968 साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासमवेत त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. रीप यांच्या नोंदींतून असे दिसले, की सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की चेंडू पायात घोळवत बसण्यापेक्षा तो झटपट लांब, पुढे भिरकावणेच फायद्याचे. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे या पद्धतीचा पगडा होता. उंच उडवलेला चेंडू आणि त्यामागे ऊर फुटेस्तोवर धावणारे आघाडीवीर हे त्या काळच्या कित्येक इंग्रजी संघांचे चित्र त्यातूनच घडले.

चूक कोठे झाली? रीप यांनी अंश मोजला आणि छेद विसरले. त्यांच्याच नोंदींप्रमाणे मैदानावरील एकंदर चालींपैकी 90 टक्क्यांहून अधिक चाली मुळातच तीन किंवा त्याहून कमी पासांच्या असतात, कारण चेंडू लवकर हातचा जातो. म्हणजे शंभरांतील नव्वद चाली मिळून ऐंशी गोल देतात आणि उरलेल्या दहाच चाली वीस गोल देतात. गुणोत्तर काढले तर लांबलेली चाल आखूड चालीपेक्षा दुपटीहून अधिक फलदायी ठरते. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी 2005 साली अशाच तऱ्हेने फेरहिशेब करून ही उणीव दाखवून दिली. ज्या गावात नव्वद एकर धान आणि दहा एकर जवस असेल, तेथे धानाची पोती जवसाच्या पोत्यांहून जास्त भरणारच. त्यावरून एकरी उत्पन्न कशाचे अधिक, हे सानगडीचा शेतकरी ठरवणार नाही. एका विद्वत्सभेच्या नियतकालिकातून मात्र ते ठरवले गेले, आणि अनेक प्रशिक्षकांनी त्यावर आपले खेळाडू राबवले.

आज हा हिशेब पुष्कळ सुधारला आहे. गोलाकडे मारलेल्या प्रत्येक फटक्याला आता त्याच्या जागेवरून, कोनावरून आणि प्रसंगावरून एक संभाव्य मूल्य देतात. पूर्वी तशा स्थितीतून मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती आत गेले, हे त्या मूल्याचे गमक. पेनल्टीचे उदाहरण घ्यावे. चारांपैकी सुमारे तीन पेनल्टी गोलात जातात, म्हणून तिचे मूल्य पाऊण गोलाच्या आसपास धरतात. चाळीस यार्डांवरून ठोकलेल्या चेंडूचे मूल्य शंभरात एक-दोनाच्या वर जात नाही. अशा मूल्यांची बेरीज केली, की ‘एक-शून्य’ या निकालामागे कोणी किती संधी निर्माण केल्या होत्या, ते उघड होते.

याचा उपयोग कोणाला झाला, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंड हा संघ फेब्रुवारी 2015 मध्ये साखळीत अगदी तळाला गेला होता आणि प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांची पुण्याई सरली असे बोलले जात होते. हंगामाअखेर तो सातवा आला. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाचे प्रमुख इयन ग्रॅहॅम यांनी त्या हंगामाचा असा हिशेब मांडला, तेव्हा त्या संघाचा खेळ त्याच्या स्थानापेक्षा पुष्कळ सरस होता आणि दैवाने त्याला हात दिला नव्हता, असे त्यांना आढळले. ऑक्टोबर 2015 मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आले. 2019 साली त्या क्लबने युरोपचे आणि 2020 साली इंग्लंडचे विजेतेपद मिळवले. तळाचा आकडा पाहून या माणसाला कोणी निकालात काढले असते, तर तोटा त्याचा झाला नसता.

पण लिव्हरपूलला संशोधन विभाग परवडतो, सानगडीला काय त्याचे, असा प्रश्न साहजिक आहे. आणि येथेच विषय मनोरंजनाचा राहत नाही.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्यांना क्रीडा गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. या दोन्हींचा दरवाजा प्रमाणपत्राने उघडतो, आणि प्रमाणपत्र अवलंबून असते ते स्पर्धेच्या स्तरावर आणि संघाच्या कामगिरीवर. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि बहुतांशी बाद पद्धतीने खेळवल्या जातात. एक सामना हरला, की त्या वर्षापुरता खेळ संपला. ज्या खेळात योगायोगाचा वाटा सर्वांत मोठा, त्याच खेळात अकरा मुलांचे वर्ष एका दुपारच्या एका गोलावर तोलले जाते. गोव्याला निदान 18 सामन्यांची ढाल होती. या मुलांना तीही नाही.

नमुना किती लहान असला म्हणजे तो फसवतो, हे धानाच्या मुलखाला नव्याने सांगण्याची गरज नाही. दरवर्षी आणेवारीच्या वेळी हाच वाद होतो. पीक कापणी प्रयोगासाठी निवडलेला तुकडा नेमका पाण्याखालचा निघाला, तर गावाची पैसेवारी पन्नासच्या वर जाते आणि कोरडवाहू बांध्यांचे मालक हात चोळत बसतात. पिकाचा अंदाज घेण्याचे हे शास्त्र ज्यांनी भारतात घडवले, त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रभागी होते. अगदी लहान तुकडा कापला तर कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, म्हणून तुकडा पुरेसा मोठा हवा आणि तो चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने निवडलेला हवा, हा त्यांचा आग्रह होता. धानाच्या बाबतीत जे शहाणपण सरकारने 1940 च्या दशकातच मान्य केले, ते मुलांच्या बाबतीत अद्याप अमान्य आहे. अर्ध्या दिवसाची निवड चाचणी हा तसाच एक लहान तुकडा होय. शिवाय तो चिठ्ठी टाकूनही निवडलेला नसतो. ज्याला त्या दिवशी मोटार मिळाली तो वेळेवर पोहोचतो, आणि ज्याचे बूट धड असतात तो धावतो.

नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात तुटक्या बादलीला लाथा मारीत खेळताना पाहिली आणि 2001 साली त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. ही हकिकत 2022 च्या ‘झुंड’ या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटामुळे आता सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटाने त्यातील करुणेवर भर दिला आणि ते योग्यच झाले. पण तिच्यात एक हिशेबाची बाजूही आहे. ती मुले त्या दिवशी चांगली खेळू लागली असे नव्हे. ती आधीपासूनच खेळत होती, फक्त कोणाच्या वहीत नव्हती. बारसे सर त्या वाटेने गेले, हा योगायोग होता. पूर्व विदर्भातील किती बांध्यांवरून असे सर कधी गेलेच नाहीत?

आकड्यांविषयी संशय बाळगणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घ्यावे लागेल. आकडा हाच हेतू झाला, की माणसे आकड्यासाठी जगू लागतात. निकालाची टक्केवारी उत्तम दिसावी म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडकवून ठेवणाऱ्या शाळा शिक्षकवर्गाला अपरिचित नाहीत. उद्या प्रत्येक पासची नोंद होऊ लागली, तर मुले धोका टाळून जवळच्या जवळ चेंडू ढकलत बसतील आणि टक्केवारी छान दाखवतील. शिवाय मैदानावरील पुष्कळ गुण नोंदीत येतच नाहीत. कबड्डीत चढाई करणाऱ्याला कोपऱ्यातला खेळाडू पकडतो आणि गुण त्याच्या नावे मांडला जातो. पण साखळीतल्या जोडीदाराने वाट अडवली नसती तर ती पकड झाली असती काय? फुटबॉलमध्ये उत्तम बचावपटू तोच, ज्याला आडवे पडून चेंडू काढावाच लागत नाही, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो. त्याच्या रकान्यात शून्य येईल आणि ते त्याचे खरे मोल असेल.

हे आक्षेप खरे आहेत, पण ते मोजण्याविरुद्ध नसून अडाणी मोजण्याविरुद्ध आहेत. मोजणेच सोडले म्हणजे न्याय होतो असेही नाही. तेव्हा निवड होते ती ओळखीवर, आडनावावर, उंचीवर, आणि फार तर त्या दिवशीच्या एका गोलावर. डोळा आणि वही यांनी एकमेकांचा हिशेब तपासावा, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. एका माणसाकडून बावीस जणांची हालचाल टिपली जाणार नाही हे मान्य. पण चारच गोष्टी वर्षभरातील प्रत्येक सामन्यात, सरावाच्या सामन्यांतही, टिपल्या तर पुरे : कोण किती मिनिटे खेळला, गोलाकडे फटके किती आणि ते मोठ्या चौकटीच्या आतून की बाहेरून, आपल्या गोलावर किती आले, आणि गोलरक्षकाने किती अडवले. दुखापतीमुळे बाहेर बसलेला विद्यार्थी हे काम करू शकतो. एखादा निवृत्त कारकून ते अधिक चांगले करील, कारण खाडाखोड न करण्याची सवय त्याच्या बोटांत मुरलेली असते. जिल्हा क्रीडा कार्यालयाने निवड चाचणीच्या वेळी खेळाडूसोबत अशी वही मागवली, तर त्यास खर्च कागदाचा.

समजा, सानगडीच्या शाळेचा संघ तालुक्याच्या पहिल्याच फेरीत 0-4 असा हरला. समोरचा संघ वयाने आणि ताकदीने भारी होता. गोलाच्या दिशेने 22 फटके आले आणि गोलरक्षक मुलाने त्यांतले 18 अडवले. शाळेच्या दप्तरी नोंद होईल ती ‘पहिल्या फेरीत पराभूत’ अशी. वहीत असेल ती ‘22 पैकी 18’ अशी, आणि तिच्या वर-खाली वर्षभरातील आणखी दहा-बारा सामन्यांच्या ओळी. निवड समितीच्या टेबलावर आज यांपैकी पहिलाच कागद पोहोचतो.